दोन पत्रिकांचा माणूस

रक्ताची हाक माणसाला आयुष्यात एकदा तरी ऐकू येतेच, आणि ती आली की माणूस असेल तिथून उठून आपल्या मुळांच्या शोधाला निघतो. दत्तक गेलेल्यांविषयीच्या बहुतेक पुस्तकांत पहिल्या दहा पानांत असं एक वाक्य असतं. मी ही पुस्तकं बरीच वाचली आहेत, कारण मी स्वतः दत्तक आहे आणि लोक मला वाढदिवसाला तीच देतात. मला मात्र वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत कसलीच हाक ऐकू आली नव्हती. आली तेव्हा ती बायकोच्या ऑफिसातल्या नाताळच्या भेटवस्तूंच्या सोडतीतून आली, आणि तिला रक्त नको होतं, थुंकी हवी होती.

सोडतीत आपल्याला मेणबत्ती मिळणार असं बायको धरून चालली होती. मागची सहा वर्षं मेणबत्तीच मिळत होती. या खेपेला निघाला डीएनए तपासणीचा डबा. तो तिनं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं. ती पुण्याची. तिच्या माहेरी कुलवृत्तान्ताचं जाडजूड पुस्तक आहे, आणि त्यात चौदा पिढ्यांतल्या सगळ्या पुरुषांची नावं आहेत.

"माझं सगळं छापील आहे," ती म्हणाली. "तूच थुंक."

थुंकणं वाटतं तितकं सोपं नाही. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही अशी अट होती, आणि आमच्या घरात चहाविना अर्धा तास सलग जात नाही. पहिल्या दिवशी आईनं चहा पुढे केला. दुसऱ्या दिवशी मीच विसरलो. तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसलो आणि नळीतल्या रेघेपर्यंत माझे पूर्वज गोळा केले.

आता हे सगळं मराठीत कसं काय चाललंय, ते सांगायला हवं.

मी शिकागोत जन्मलो आणि पाच आठवड्यांचा असताना आई-बाबांच्या घरी आलो. ते मूळचे वाईचे. बाबा इंजिनिअर, आई इथल्या सार्वजनिक वाचनालयात नोकरीला. त्या काळी दत्तक देणारे लोक बाळाचा रंग आईबापांच्या रंगाशी जुळवून पाहायचे, भिंत रंगवण्याआधी दुकानातून रंगांची पट्टी आणतात तसे. माझ्या फायलीत 'केस काळे, वर्ण जरा गडद' अशी नोंद होती. गोऱ्या जोडप्यांच्या यादीत मी गडद ठरत होतो, आई-बाबांच्या शेजारी फिका. तपासायला आलेल्या बाईंनी दोन्हींचा मध्य काढून सही केली.

आईनं मी दत्तक असल्याचं कधी लपवलं नाही, माझ्यापासून नाही आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांपासूनही नाही. पण मंडळातल्या लोकांना ते पटायचं नाही. माझे डोळे घारे, नाक सरळ, आणि मंडळातल्या हिशेबानं मी चांगलाच गोरा.

"अगदी कोकणस्थ हो!" गणपतीच्या कार्यक्रमात एखाद्या काकू माझी हनुवटी धरून म्हणायच्या.

"तो दत्तक आहे," आई म्हणायची.

"कळतसुद्धा नाही! कुठून आणलात? रत्नागिरी?"

"शिकागो."

"हो, पण मूळचा?"

बाबांनी एकदा आपण देशस्थ असल्याचं सांगून पाहिलं. त्यावर काकूंनी बाबांकडे असं पाहिलं, जणू हातात वरच्या वर्गाचं तिकीट असून हा माणूस खालच्या वर्गात बसला आहे. त्यानंतर बाबा नुसते मान डोलवायचे आणि मसालेभाताच्या रांगेकडे जायचे.

मराठी मला आईनं शिकवलं. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या तळघरात ती दर रविवारी मुलांचा वर्ग घ्यायची. बाकीची मुलं सॉकर, पियानो आणि पोटदुखी अशा कारणांनी गळत गेली. मला गळता आलं नाही, कारण वर्ग माझ्या खोलीच्या बरोबर खाली भरायचा. सहावीपर्यंत त्या वर्गात मी एकटाच उरलो होतो आणि माझा पहिला नंबर येत होता.

एवढं सगळं आईकडे होतं, पण एक गोष्ट नव्हती. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या दिवाणखान्यात बायका जमल्या, की तिळगूळ संपायच्या सुमाराला बाळंतपणांच्या गोष्टी निघायच्या. कुणाच्या कळा तीस तास चालल्या, कुणाचा नवरा हॉस्पिटलात नेताना हायवेची एक्झिट चुकला, कुणाचं बाळ डॉक्टर यायच्या आधीच आलं. प्रत्येकीकडे अशी एक गोष्ट होती आणि प्रत्येकीनं ती किमान बारा वेळा सांगितलेली होती. त्या गोष्टी निघाल्या की आई चहा पाहायला आत जायची. चहा झालेला असायचा. मी जिन्यात बसून हे पाहत असे, आणि ती नुसती ओट्यापाशी का उभी राहते ते मला पुष्कळ वर्षं कळलं नाही.

आईची ही उणीव कागदावरही होती. माझ्या जन्मदाखल्यावर वेळेच्या चौकटीत '१२:००' एवढंच टाइप केलेलं आहे. दुपारचे की रात्रीचे, ते नाही. बाबांनी सरकारी कचेरीत पत्र लिहिलं, तर नोंद बरोबर आहे असं उत्तर आलं. आईचा ज्योतिषावर विश्वास नव्हता, निदान ती तसं म्हणायची. पण वाईच्या मामांचा होता. त्यांनी गुरुजींना अडचण सांगितली. गुरुजी व्यवहारी होते. त्यांनी दोन पत्रिका करून पाठवल्या, एक दुपारची, एक मध्यरात्रीची.

दुपारच्या पत्रिकेत राजयोग होता, विद्वत्ता होती आणि मंगळ नव्हता. मध्यरात्रीच्या पत्रिकेत कडक मंगळ होता, पाण्यापासून भय होतं आणि हट्टी स्वभाव होता. आईनं दोन्ही जपून ठेवल्या आणि लागेल तशा वापरल्या. मला पोहायला पाठवताना ती दुपारची पत्रिका खरी धरायची. गणितात मार्क कमी पडले की मध्यरात्रीची. माझ्या लग्नाच्या वेळी पुण्याहून पत्रिका मागितली गेली, तेव्हा अर्थातच दुपारची गेली. सत्तावीस गुण जुळले. सासरे खूश झाले. मध्यरात्रीची पत्रिका आईच्या पासपोर्टच्या पाकिटात राहिली. बायकोला ती लग्नानंतर चार वर्षांनी, आईचं भारतात जायच्या व्हिसाचं काम करताना सापडली. तिनं ती शांतपणे वाचली, 'हट्टी स्वभाव'पाशी थांबली आणि म्हणाली, "मला हीच खरी वाटते."

सहा आठवड्यांनी तपासणीचा निकाल आला. कॉलेजला असलेली मुलगी तेव्हा वसंताच्या सुट्टीसाठी घरी होती. आम्ही तिघं लॅपटॉपभोवती बसलो. नकाशावर इटलीचा बूट होता आणि त्याची टाच, तळवा आणि पुढचं टोक गडद रंगवलेलं होतं. वर आयर्लंडचा ठिपकाही तितकाच गडद. रत्नागिरी नकाशात नव्हतीच.

"म्हणजे बाबा, यू आर इटालियन?" मुलगी म्हणाली. "मग आपण पास्ता एवढा ओव्हरकुक का करतो?"

घारे डोळे बहुधा त्या आयरिश ठिपक्यातून आले असावेत. मंडळातल्या काकूंना फोन करून हे सांगावं असं मला तीव्रतेनं वाटलं, पण त्यांतल्या बऱ्याच आता नाहीत, आणि ज्या आहेत त्यांनी आयरिश लोकसुद्धा मूळचे कोकणातलेच असं म्हटलं असतं.

नकाशाखाली नातेवाइकांची यादी होती. सगळ्यात वर एक बाई, नातं 'सख्खी चुलत किंवा मावसबहीण'. मॅसॅच्युसेट्समधल्या. त्यांनी आपल्या घराण्याचा वृक्ष सर्वांसाठी उघडा ठेवला होता. तो वृक्ष कालाब्रियातल्या एका डोंगरी गावातून निघून थेट कुठल्याशा सरदारापर्यंत पोचत होता. सरदाराची तलवार घराण्यात होती, पण बोटीच्या प्रवासात ती हरवली, असं खाली लिहिलं होतं. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. बाबांच्या घराण्यातही पेशव्यांनी दिलेली एक तलवार होती आणि तीही हरवलेलीच होती. दोन्हीकडून मी शूरांचा वंशज, आणि दोन्हीकडे दाखवायला काही नाही.

मी त्या बाईंना दोन ओळींचा निरोप पाठवला. उत्तर तासाभरात आलं: काहीतरी चूक आहे, आम्ही एकूण तेवीस भावंडं आहोत आणि मी प्रत्येकाच्या लग्नाला गेलेली आहे. दोन दिवसांनी दुसरं आलं. त्यात लग्नांचा उल्लेख नव्हता. 'मी धाकट्या मावशीशी बोलले. हा तिचा नंबर. चारनंतर फोन कर, ती दुपारी झोपते.'

जन्मदात्री हा शब्द मला लिहायला जमत नाही. तो संगमरवरी पाटीवर शोभतो. त्या श्रूजबरी नावाच्या गावात राहतात, म्हणून मी त्यांना श्रूजबरीच्या बाई म्हणतो. वय सत्तरच्या आतबाहेर, शाळेची बस चालवण्यात हयात गेलेली, आता निवृत्त. मी चार वाजून पाच मिनिटांनी फोन केला. मी कोण ते सांगितलं. पलीकडे आधी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

मग त्या म्हणाल्या, "तुझा आवाज बारीक असेल असं वाटलं होतं. शेवटचा ऐकला तेव्हा होता."

मी झालो तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. घरच्यांनी त्यांना शिकागोच्या आत्याकडे पाठवलं आणि गावात सांगितलं, की पोरगी टायपिंग शिकायला गेली आहे. "टायपिंगही शिकले," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे खोटं बोललेलं चालत नाही." ज्या आयरिश मुलापासून मी झालो, त्याचं पुढे काय झालं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कळून घ्यायची उत्सुकताही त्यांच्या आवाजात जाणवली नाही. नंतर त्यांचं लग्न झालं, नवरा चार वर्षांपूर्वी गेला. मूल झालं नाही. हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. शेवटी त्यांनी मला यायला सांगितलं, मी येतो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण हे आईला सांगितलेलं नाही.

आई तेव्हा चौऱ्याऐंशीची होती. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच राहते, खालच्या मजल्यावर. तिला वाईट वाटेल याची मला भीती होती. आयुष्यभर जिनं प्रत्येक फॉर्मवर 'आई' या शब्दापुढे सही केली, तिला आता दुसरी कुणी सापडली म्हणून कसं सांगायचं? मी तीन आठवडे धीर गोळा करत होतो. बायको रोज विचारायची, "आज?" मी म्हणायचो, "आज तिची गुडघेदुखी आहे." शेवटी एका रविवारी सकाळी मी पोहे संपल्यावर तिच्यासमोर बसलो आणि घसा साफ केला.

"डीएनएचं का?" आई म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"डबा पाहिला मी. रिसायकलिंगमध्ये खोका चपटा करून टाकायचा असतो, तेवढं तुला कधी जमलं नाही. सापडली का ती?"

मी सगळं सांगितलं. इटली, मावसबहीण, फोन, टायपिंग. आई ताटलीतलं खोबरं बोटानं गोळा करत ऐकत होती. मी संपवल्यावर तिनं मान वर केली.

"वेळ विचारलीस का?"

"कसली वेळ?"

"जन्माची! दुपारचे बारा की रात्रीचे?"

"आई, पहिल्याच फोनवर असं कसं विचारू? बावन्न वर्षांनी बोलतोय माणूस, आणि—"

"मग काय विचारलंस?"

"कशा आहात, म्हणून विचारलं."

आईनं सुनेकडे पाहिलं. सुनेनं वर छताकडे पाहिलं.

"मी येते तुझ्याबरोबर," आई म्हणाली. "तू काही विचारणार नाहीस."

मे महिन्यात आम्ही दोघं बॉस्टनच्या विमानात बसलो. आईच्या हातातल्या पिशवीत बेसनाचे लाडू, एक खण आणि एक नारळ होता. विमानतळावरच्या तपासनीसानं नारळ हलवून पाहिला आणि आत द्रव पदार्थ आहे का असं विचारलं. आई म्हणाली, "असला तर नारळ चांगला." त्यावर त्यानं वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठानं नारळ हलवला, कानाशी धरला, आणि जाऊ दिलं.

बॉस्टनहून तासभर मी गाडी चालवत होतो आणि आई मांडीवरच्या पिशवीतला नारळ पुन्हा पुन्हा नीट ठेवत होती. ती अशी एकच वस्तू नीट करत राहिली की मी घाबरतो.

"काय झालं?"

"काही नाही. ती म्हणेल, ही म्हातारी कशाला आली."

"नाही म्हणणार."

"म्हणाली तरी तिचं चुकणार नाही," आई म्हणाली, आणि निऱ्या सारख्या केल्या. त्या सारख्याच होत्या.

श्रूजबरीच्या बाईंचं घर बैठं, पिवळसर रंगाचं. अंगणात मेरीची मूर्ती आणि तिच्या दोन्ही बाजूंना टोमॅटोच्या वेलांसाठी तारेचे पिंजरे, अजून रिकामे. त्या दारातच उभ्या होत्या. त्यांचं नाक म्हणजे माझंच नाक होतं, फक्त माझ्याआधी सतरा वर्षं वापरलेलं. मी विमानात दोन-तीन वाक्यं तयार केली होती, बऱ्यापैकी वजनदार. पहिलं सुरू करायच्या आत त्यांनी माझे दोन्ही दंड धरले, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "केस टिकलेत. देवाची कृपा. माझ्या भावांचे गेले." मग माझ्या खांद्यावरून त्यांनी आईकडे पाहिलं आणि माझे दंड सोडले.

आत टेबलावर पांढरी चादर होती, इस्त्रीच्या घड्या इतक्या कडक की बशा तिरक्या बसत होत्या. बशांमध्ये बदामाची बिस्किटं, आणि एका बशीत चकल्या. मी चकल्यांकडे पाहत राहिलो.

"शेजारचे लोक नागपूरचे आहेत," बाई म्हणाल्या. "त्यांच्या सासूबाई आल्यात. दर आठवड्याला काहीतरी देतात. तुम्हाला हे आवडेल असं त्या म्हणाल्या."

मराठी म्हणजे काय, महाराष्ट्र कुठे आहे, हे समजावायला मी फोनमध्ये नकाशा उघडून ठेवला होता. तो बंद केला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भेट, आणि चकलीसुद्धा आमच्या आधी पोचली होती.

कॉफी आली. हवेवर बोलून झालं. विमानावर बोलून झालं. बाई आईकडे न पाहता तिला साखर देत होत्या, आई त्यांच्याकडे न पाहता घेत होती. मी मधे बसून तिसरी चकली खाल्ली. मग आईनं कप खाली ठेवला आणि ज्या इंग्रजीत तिनं तीस वर्षं लोकांकडून उशिरा परत आलेली पुस्तकं घेतली, त्या स्पष्ट इंग्रजीत विचारलं,

"हा जन्मला तेव्हा किती वाजले होते?"

बाईंचा हात साखरेच्या भांड्यावर थांबला. त्यांनी भांडं सरकवलं, चादरीवरची घडी हातानं सपाट केली, ती पुन्हा वर आली. मला वाटलं, संपलं. आता निघायला टॅक्सी नको, आपली गाडी बाहेरच आहे.

"बावन्न वर्षांत," बाई म्हणाल्या, "त्या दिवसाबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. आईनं नाही. नवऱ्याला माहीत होतं, त्यानंही नाही. मला वाटत होतं तुम्ही विचाराल, का दिलंस."

"ते मला माहीत आहे," आई म्हणाली. "सतरा म्हणजे काय वय असतं. वेळ माहीत नाही. कागदावर बारा लिहिलंय."

"बारा?" बाई म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. आधी नाकातून, मग मोठ्यानं, खांदे हलेपर्यंत. "त्या खोलीतलं घड्याळ! ते बंद होतं. बारावर. मी आदल्या संध्याकाळपासून त्याच्याकडे बघत होते. मी दोनदा सांगितलं की घड्याळ बंद आहे, नर्स म्हणाल्या, तू कळांकडे लक्ष दे."

आई पुढे सरकली. "मग खरी वेळ?"

"सात वाजायला दहा मिनिटं. सकाळी."

"नक्की?"

"नर्सची पाळी सातला संपत होती. तिनं कोटाची एक बाही घातली होती. दुसरी बाही घालता घालता हा आला. तिनं एका बाहीनंच याला उचललं आणि म्हणाली, दहा मिनिटं थांबला असतास तर दुसरीच्या डोक्याला ताप झाला असता."

"सहा पन्नास," आई म्हणाली. तिनं पर्समधून पेन काढलं आणि विमानाच्या तिकिटाच्या मागे लिहिलं. मग पेन न ठेवता विचारलं, "रडला का लगेच?"

"नाही. आधी सगळ्यांकडे बघून घेतलं."

"अजून तसंच करतो. केस?"

"एवढे!" बाईंनी बोटांनी दाखवलं. "मागे घासलेले नव्हते ना?"

"माझ्याकडे आला तेव्हा मागे टक्कल पडलं होतं. पाच आठवडे उताणाच ठेवला असणार. मी महिनाभर तेल लावलं."

"मी तीन दिवस होते त्याच्याजवळ. माझ्याकडे दोन्ही कुशींवर झोपायचा."

"उचकी?"

"सारखी!"

"माझ्याकडेही," आई म्हणाली, "सारखी."

पुढचे दोन तास माझी कुणाला गरज पडली नाही. कळा किती वेळ, नंतर खायला काय दिलं, पहिला दात, कांजिण्या, शाळेचा पहिला दिवस, सगळं क्रमानं झालं. पहिल्या तीन दिवसांनंतर आणि पाच आठवड्यांआधी एक भोक राहत होतं. ते त्या दोघींनी थोडा वेळ पाहिलं आणि ओलांडून पुढे गेल्या. बाईंनी बाळंतपणाची गोष्ट आईच्या आग्रहावरून पुन्हा पहिल्यापासून सांगितली, आणि दुसऱ्या खेपेला नर्सच्या कोटाला रंगही आला, हिरवा. आईनं ती अशी ऐकली, जणू संक्रांतीचा तिळगूळ संपत आलाय आणि या खेपेला तिला चहा पाहायला उठायचं नाही. मी बिस्किटं संपवली. बोलण्यात मला खोडून काढण्याइतपत दोघींची आता मैत्री झाली होती. पोहायला कधी शिकलो ते मी सांगितलं, तर आई म्हणाली, "तुला काय आठवतंय," आणि बाईंनी मान डोलावली.

निघताना आईनं खण आणि नारळ काढला. दोघीही विधवा, बाईंच्या अंगात पँट आणि स्वेटर, म्हणजे शास्त्रही नाही आणि पदरही नाही.

"असली ओटी चालते का?" मी हळूच मराठीत विचारलं.

"कोण तपासायला येतंय?" आई म्हणाली, आणि बाईंना स्वेटरचा घेर धरायला लावून त्यात सगळं घातलं. वर लाडवांचा डबा.

बाई नारळाकडे पाहत होत्या. "याचं मी काय करायचं?"

"काही नाही," आई म्हणाली. "शेजारी विचारा."

आता दर रविवारी चारनंतर श्रूजबरीहून व्हिडिओ कॉल येतो. तो माझ्यासाठी नसतो. फोन आईच्या खोलीत वाजतो आणि तासभर तिथेच राहतो. संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू झालं. हल्ली येणाऱ्या बायका तरुण आहेत, पुण्याच्या, नागपूरच्या, ऑफिसातून सरळ आलेल्या, पण तिळगूळ संपला की तोच विषय निघतो. एकीनं सीझेरियनची गोष्ट सांगितली. आई आत गेली नाही. तिनं तिचं होऊ दिलं आणि मग म्हणाली, "आमचा सकाळी सहा पन्नासला झाला. नर्सची एकच बाही कोटात होती." कुणी मधे काही विचारलं नाही. गोष्टीत हिरवा कोट होता, बंद घड्याळ होतं, शिकागोचं बर्फ होतं. बर्फाचं श्रूजबरीच्या बाई काही बोलल्या नव्हत्या. ते आईचं स्वतःचं.

त्याच आठवड्यात, मुलगी हिवाळी सुट्टीवर असताना, आईनं तिकिटाचा कागद काढून तिच्यापुढे ठेवला. वाईचे गुरुजी कधीच गेले. आता हे काम फोन करतो. रविवार होता, चार वाजून गेले होते, आणि श्रूजबरीच्या बाई टेबलावर मिठाच्या बरणीला टेकून उभ्या केलेल्या दुसऱ्या फोनमध्ये होत्या. मुलीनं तारीख, शिकागो आणि सहा पन्नास घातले. पत्रिका तयार व्हायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही. राजयोग गेला. मंगळ आहे, पण सौम्य. बायकोच्या पत्रिकेशी गुण जुळले छत्तिसांपैकी साडेनऊ.

"साडेनऊ?" बायको म्हणाली. "मला आठ वाटले होते."

"याला सर्दी झाली आहे का?" मिठाच्या बरणीपाशी श्रूजबरीच्या बाईंनी विचारलं. "नाक लाल दिसतंय."

"स्वेटर घालत नाही," आई त्यांना म्हणाली, आणि माझ्या बशीत न विचारता दुसरा लाडू ठेवला. "पुढे वाच गं."

"आजी, हे फाँट फार छोटे आहेत," मुलगी म्हणाली. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि तळघरातल्या रविवारच्या वर्गाला शोभेल अशा आवाजात एकेक अक्षर लावत वाचलं.

मातृसौख्य: मध्यम.